ऑइल प्रेशरचा काटा खाली आला म्हणून इंजिन उघडू नका. आधी काटा खरं बोलतोय का ते बघा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. गाडी १९८६ ची पोर्शे ९४४, अडीच लिटरचं इंजिन, एक लाख साठ हजार किलोमीटर झालेली. सकाळी चालू केली की ऑइल प्रेशरचा काटा थेट ५ बारवर. तासभर हायवेवर चालवून सिग्नलला थांबलात की १.२ ते १.५. तीन हजार आरपीएमला साडेतीन. मधूनच काटा उडी मारून पुन्हा ५ वर जातो आणि तिथेच बसतो. आणि गेल्या आठवड्यात एका सिग्नलला तेलाचा लाल दिवा क्षणभर लुकलुकला. गॅरेजवाल्याने ऐकूनच सांगितलं, बेअरिंग गेली, इंजिन काढावं लागेल. तुमचे प्रश्न दोन: गाडी चालवू का, आणि जाड तेल घालून भागेल का?

पहिल्याचं उत्तर आधी देतो, कारण त्यात उशीर परवडत नाही. चालत्या गाडीत लाल दिवा लागला आणि काटाही शून्याकडे असेल, तर तिथल्या तिथे क्लच दाबा, गाडी कडेला सुरक्षित जागी सरकू द्या, इग्निशन बंद करा आणि टो करून न्या. पुढचा एक्झिट दोनच किलोमीटरवर आहे, तिथपर्यंत हळूहळू जाऊ, असं मनातसुद्धा आणू नका. तेलाचा पडदा फाटल्यावर बेअरिंगचा मऊ थर पुसला जायला सेकंद पुरतात. नुसतं बेअरिंग बदलून सुटणारं काम तेवढ्यात क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) घासण्यापर्यंत जातं. तुमच्या बाबतीत मात्र दिवा क्षणभरच लागला आणि चालताना साडेतीन बार दिसतंय. म्हणून घाबरू नका, पण खाली सांगितलेलं तपासून होईपर्यंत गाडी उभी ठेवा.

आता मूळ गोष्ट. पंप प्रेशर तयार करत नाही, पंप तेल ढकलतो. ते तेल बेअरिंगच्या बारीक फटीतून निसटताना जो अडथळा होतो, त्यातून प्रेशर उभं राहतं. म्हणून काट्यावरचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. तेल किती गरम आहे, कोणत्या ग्रेडचं आहे, इंजिन किती आरपीएमवर फिरतंय आणि फट किती आहे, या चारही गोष्टी त्या आकड्यात मिसळलेल्या असतात. थंड इंजिनात तेल घट्ट असतं, त्यामुळे ५ बार दिसणारच. तुमच्या गेजची पट्टीच ५ ला संपते, खरं प्रेशर त्याहून जास्त असलं तरी काटा पुढे जाऊ शकत नाही. गरम झाल्यावर तेच तेल पातळ होतं, पंप आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) सावकाश फिरतो, काटा खाली येतो. ९४४ मध्ये पंप क्रँकच्या पुढच्या टोकावरच बसवलेला आहे, म्हणजे तो क्रँकच्याच वेगाने फिरतो. आठशे-नऊशे आरपीएमवर, तासभर हायवेवर तापलेल्या तेलात १.२ ते १.५ बार हे माझ्या मते चांगल्या इंजिनाचं लक्षण आहे. तीन हजाराला साडेतीन तर उत्तमच. जुन्या मेकॅनिकांचा ठोकताळा असा की गरम इंजिनात दर हजार आरपीएममागे दहा पौंड (दर चौरस इंचाला), म्हणजे साधारण ०.७ बार मिळालं पाहिजे. त्या हिशेबाने तीन हजाराला २.१ पुरे होतं.

मग काटा उडी का मारतो? इथे या गाडीच्या सेंडरची, म्हणजे प्रेशर ओळखून गेजला विजेचा संकेत देणाऱ्या भागाची, रचना समजून घ्या. हा व्हीडीओ (VDO) या गेज बनवणाऱ्या जर्मन कंपनीचा सेंडर आहे, ऑइल फिल्टरच्या हाउसिंगवर बसतो, आणि त्याला दोन टर्मिनल असतात. एकावर ‘जी’ अक्षर असतं, ते गेजचं. दुसऱ्यावर ‘डब्ल्यूके’, ते दिव्याचं. गेजच्या बाजूला आत एक बदलता रेझिस्टन्स आहे: शून्य प्रेशरला साधारण १० ओहम, ५ बारला साधारण १८०. रेझिस्टन्स वाढला की काटा वर. म्हणजे वायर तुटली किंवा टर्मिनल ढिलं झालं की गेजला वाटतं रेझिस्टन्स अमर्याद आहे, आणि काटा जाऊन ५ ला चिकटतो. वायर बॉडीला टेकली तर उलट, काटा शून्यावर. आयडलला १.२ वर असलेलं खरं प्रेशर पापणी लवते न लवते तोच ५ होऊ शकत नाही, तेवढं तेल पंप त्या वेगाला देतच नाही. तेव्हा तुमची ती उडी विजेची आहे, तेलाची नाही.

दिव्याचं गणित वेगळं. दिव्याचा स्विच म्हणजे साधा संपर्क: प्रेशर नसताना जोडलेला, प्रेशर आलं की सुटणारा. अशा स्विचची सीमा बहुतेक ०.३ बारच्या आसपास असते. दिवा लागतो तेव्हा प्रेशर जवळपास संपलेलं असतं, तो आधी इशारा देणारा दिवा नव्हेच. पण त्याची वायर कुठेही धातूला टेकली तरी तो लागतो, प्रेशर कितीही असो. म्हणून मला तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे: दिवा लुकलुकला तेव्हा काटा कुठे होता? काटा १.२ वर आणि दिवा लागलेला, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. दोघांपैकी एक खोटं बोलतोय. काटा त्याच वेळी ५ वर उडाला असेल तर माझा संशय सरळ त्या दोन वायरींवर जातो. सेंडर एक्झॉस्टच्या शेजारी आहे, आणि चाळीस वर्षं ती धग खाल्लेल्या वायरीचं आवरण वाकवलं की वाळल्या शेवयांसारखं तुटतं. एक वायर आतून तुटलेली, शेजारची उघडी पडून धातूला टेकणारी, एवढ्या एका बिघाडाने तुमची दोन्ही लक्षणं जमतात. मात्र काटाही शून्याकडे झुकला असेल तर गोष्ट गंभीर. आणि तिसरी शक्यता, थांबताना आरपीएम पाचशेच्या खाली घसरून इंजिन बंद पडायच्या बेतात आलं असेल, तर दिवा लुकलुकणारच. मग दोष तेलाचा नसून आयडलचा.

आता प्रत्यक्ष तपासणी. इंजिन थंड असू द्या, बंद ठेवा, फक्त चावी ऑन करा. काटा शून्यावर आणि दिवा लागलेला दिसला पाहिजे. दिवा लागतच नसेल तर बल्ब किंवा वायर गेलेली आहे. मग ‘जी’ची वायर काढा, काटा ५ वर गेला पाहिजे. तीच वायर इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवा, काटा शून्यावर आला पाहिजे. असं झालं तर गेज आणि वायरिंग ठीक. ‘डब्ल्यूके’ची वायर काढा, दिवा विझला पाहिजे. न विझला तर ती वायर वाटेत कुठेतरी घासून अर्थ झालेली आहे. शेवटी मल्टीमीटर ओहमवर ठेवून ‘जी’ टर्मिनल आणि सेंडरच्या धातूच्या अंगामध्ये मोजा. १० च्या आसपास आलं तर ठीक. अमर्याद दाखवलं तर सेंडर मेला. हे करताना सहायकाला वायरींचा जुडगा हळूच हलवायला सांगा आणि तुम्ही काट्याकडे बघा. काटा थरथरला की जागा सापडली.

एक चूक मी पुन्हा पुन्हा बघतो. नवा सेंडर बसवताना आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळतात. या सेंडरला अर्थ आट्यांमधूनच मिळतो. टेपने तो अडला की रेझिस्टन्स वाढतो आणि गेज आहे त्याहून जास्त प्रेशर दाखवतं. कमी प्रेशर झाकणारी ही चूक फार महागात पडते. तिथे सीलिंग वॉशर असतो, तोच नवा घाला. तसंच हेडलाइट लावल्यावर तेलाचा आणि पाण्याचा असे दोन्ही काटे एकदम हलत असतील तर इंजिन ते बॉडी ही अर्थची जाड पट्टी काढून घासून स्वच्छ करा.

एवढं झाल्यावरही मी इंजिनविषयी निकाल देत नाही. मी मेकॅनिकल गेज लावतो. ० ते ७ बारचं चांगलं गेज, मजबूत होज आणि सेंडरच्या भोकाला बसणारा अडॅप्टर, एवढंच लागतं. अडॅप्टरचे आटे नीट बघून घ्या: तुमच्या गाडीचे मेट्रिक आहेत, ब्रिटिश गाड्यांचे वेगळे असतात, आणि ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये चुकीचा आटा जोर लावून घातला की तो कायमचा गेला. होज एक्झॉस्टपासून लांब बांधा, कारण तापलेल्या पाइपवर तेलाची चिळकांडी उडाली तर आग लागते. मग गाडी खरोखर गरम करा. इथे बहुतेक जण फसतात. पाण्याचा काटा मधे आला म्हणजे इंजिन गरम असं धरतात, पण तेल पाण्यापेक्षा बरंच मागे असतं. निदान वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर चालवल्याशिवाय घेतलेलं रीडिंग मी कागदावर उतरवत नाही. नंतर आयडल, दोन हजार, तीन हजार, चार हजार, आणि पुन्हा आयडल, असे आकडे लिहून काढा. बाजूला आरपीएम, तेलाचा ग्रेड आणि बाहेरचं तापमान लिहा. पुढच्या वर्षी याच आकड्यांशी तुलना करता येईल, आणि दोन वर्षांतला फरक मला एकट्या आकड्यापेक्षा जास्त सांगतो.

आकडे हातात आल्यावर त्यांचा कल बघायचा. थंड असतानाही कमी आणि गरम झाल्यावरही कमी असेल तर मी आधी रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडून देणारी झडप) बघतो. त्याचा प्लंजर, म्हणजे आतला सरकता दट्ट्या, कचऱ्याने उघडा अडकला की तेल परत वळतं. सुरुवातीच्या ९४४ मध्ये हा व्हॉल्व्ह तीन तुकड्यांचा होता, नंतर तो एकसंध केला. तीन तुकड्यांचा असेल आणि कोणी ऑइल कूलरचं हाउसिंग काढून बसवलं असेल, तर ते खास टूलने मध्यावर आणूनच घट्ट करावं लागतं. नाही तर प्लंजर तिरका होऊन अडकतो. तेव्हा आधीच्या मालकाने कूलरची सीलं बदलली होती का, हे विचाराच. गरम आयडलला कमी पण आरपीएम वाढवल्यावर भरपूर असेल तर तेल पातळ झालंय किंवा बेअरिंगची फट थोडी वाढलीय. कमी आरपीएमला ठीक आणि वर गेल्यावर पडत असेल, किंवा काटा नाचत असेल, तर पंप हवा ओढतोय: तेलाची पातळी कमी, चेंबरमधली (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीतली) जाळी तुंबलेली, किंवा तेल इतकं जास्त भरलेलं की क्रँक त्याचा फेस करतोय. लांब वळणावर काटा खाली झुकत असेल तर पहिल्यांदा डिपस्टिक बघा. या इंजिनात दोन नंबरच्या रॉडचं (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग आधी जातं, हे ९४४ वर काम करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. पातळी खालच्या खुणेवर ठेवून जोरात वळणं घेणं हा त्याचा ठरलेला मार्ग आहे.

सकाळी चालू केल्यावर काटा उठायला चार-पाच सेकंद लागत असतील तर फिल्टर बदला. चांगल्या फिल्टरमध्ये तेल परत निथळू न देणारी रबरी झडप असते, स्वस्त फिल्टरमध्ये ती लवकर कडक होते.

पातळ तेलाबद्दल एक अनुभव सांगतो, कारण ही शक्यता कोणी धरतच नाही. माझ्याकडे तुमच्यासारखीच एक ९४४ आली होती, गरम आयडलला ०.८ बार. मालकाला दुसऱ्या ठिकाणी बेअरिंगचा खर्च सांगून झाला होता. मी डिपस्टिक ओढली तर तेल वरच्या खुणेच्याही वर. ते बोटावर घेतलं, चोळलं, वास घेतला: पेट्रोल. तेलाला चिकटपणा म्हणून नव्हताच, पाण्यासारखं बोटावरून ओघळलं. मग फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची (पेट्रोलचा दाब ठरावीक ठेवणाऱ्या भागाची) बारीक व्हॅक्युम नळी काढली. इंजिन चालू असताना त्या टोकावर पेट्रोलचा थेंब जमला, पडला, दुसरा जमला. आतला पडदा फाटला होता आणि पेट्रोल नळीवाटे इनटेकमध्ये आणि तिथून सिलिंडरच्या भिंतींवरून तेलात उतरत होतं. नवा रेग्युलेटर, नवं तेल, नवा फिल्टर. त्याच मेकॅनिकल गेजवर गरम आयडल १.६ बार आलं. बेअरिंगला हात लावला नाही. ती गाडी अजून पळते.

म्हणून तेल काढताना ते नुसतं डब्यात ओतून टाकू नका. फिल्टर कापा. आरीने नको, आरीचा कीस आत पडतो आणि मग काय इंजिनचं आणि काय आरीचं कळत नाही. फिल्टर कटर मिळतो. आतला कागद काढून घड्या उलगडा, पिळून उन्हात वर्तमानपत्रावर पसरा आणि तिरपा धरून बघा. लोखंडाचे कण चुंबकाला चिकटतात. बेअरिंगचा वरचा थर गेला असेल तर रुपेरी, चुंबकाला न चिकटणारी चकाकी घड्यांच्या खोबणीत दिसते. तांबूस कण दिसले तर थर संपून खालपर्यंत झीज गेली आहे. तेव्हा मात्र गाडी चालवायची नाही, चेंबर उतरवून रॉडची बेअरिंग बघायची. ९४४ मध्ये त्यासाठी पुढचा क्रॉसमेंबर (इंजिनखालचा आडवा बीम) खाली घ्यावा लागतो. काम कष्टाचं आहे, पण इंजिन काढावं लागत नाही. बेअरिंग बदललीत तर प्लास्टिगेजने (फटीत चेपून तिची रुंदी दाखवणाऱ्या प्लास्टिकच्या धाग्याने) फट मोजा आणि रॉडचे बोल्ट-नट नवेच घाला.

आणि कूलंटच्या टाकीत कॉफीवरच्या सायीसारखा थर दिसतोय का तेही बघा. या गाडीत तेलाचा कूलर पाण्याच्या संगतीत आहे. चालत्या इंजिनात तेलाचं प्रेशर पाण्यापेक्षा जास्त असल्याने सील गेलं की तेल पाण्यात जातं.

आता जाड तेल. फटीतून निसटणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे फट दुप्पट झाली की गळती आठपट. जाड तेल ही गळती थोडी कमी करतं, आकडा वर आणतं, पण झिजलेलं बेअरिंग झिजलेलंच राहतं. शिवाय थंडीत फार जाड तेल पंपापर्यंत पोचायला वेळ लावतं, रिलीफ व्हॉल्व्ह लवकर उघडतो, आणि काटा वर असूनही बेअरिंगला तेल कमी मिळतं. एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या मोजमापात १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडचं तेल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (तेलाच्या घट्टपणाचं एकक) असतं, ४० चं १२.५ ते १६.३ आणि ५० चं १६.३ ते २१.९. आधीच्या मालकाने ५डब्ल्यू-३० घातलं असेल तर तुमचा आकडा केवळ त्यामुळे खाली दिसेल, आणि ते बदलणं हा इलाज नाही, चूक सुधारणं आहे. या इंजिनाला उन्हाळ्यात २०डब्ल्यू-५० आणि थंडीत १५डब्ल्यू-५० मी बिनधास्त वापरतो. त्याहून जाड काही कधीही नाही. पुण्यात शिकत असताना घाट चढून आलेल्या टॅक्स्यांचा तेलाचा दिवा आयडलला लुकलुकायचा, आणि डबाभर जाड तेल ओतून ड्रायव्हर पुढे जायचे. दिवा विझायचा. काही महिन्यांनी तीच टॅक्सी खडखडत दोरीने ओढून आणलेली मी पाहिली आहे, आणि त्या बेअरिंगचे काळे-तांबडे तुकडे हाताने उचलले आहेत.

तुमच्यासारखा प्रश्न दुसऱ्या गाडीबद्दल असेल तर हेच आकडे तिला लावू नका. एमजीबी या जुन्या ब्रिटिश गाडीत चालताना ५० ते ८० पौंड आणि आयडलला १० ते २५ पौंड हे कंपनीचेच आकडे आहेत. १५ पौंडाला घाबरून तिथे इंजिन उघडायचं काही कारण नाही. मात्र तिच्या मेकॅनिकल गेजला जाणारी रबरी नळी जुनी असेल तर आजच बदला, ती फुटली तर इंजिन तेल बाहेर ओकतं. जग्वारच्या एक्सके इंजिनाला गरम असताना तीन हजाराला ४० पौंड अपेक्षित असतं, आणि ई-टाइपचा विजेचा सेंडर इतका बेभरवशाचा की मेकॅनिकल गेजशिवाय त्यावर बोलणंच नको. एअर-कूल्ड पोर्शे ९११ ला ड्राय संप आहे, म्हणजे तेल इंजिनखाली न साठता वेगळ्या टाकीत असतं; तिची तेलपातळी इंजिन गरम, चालू आणि गाडी सपाट जागी असतानाच बघायची. बंद इंजिनात बघून तेल ओतलं तर ते हमखास जास्त होतं. आणि माझदा एमएक्स-५ मध्ये नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून गेज दिसायला गेज आहे, आतून साधा स्विचच. काटा मधे स्थिर दिसतो आणि प्रेशर निम्मं झालं तरी हलत नाही.

तुम्ही पुढे काय करायचं ते क्रमाने: या शनिवारी सेंडरच्या दोन वायरी तपासा, जळकं आवरण दिसलं तर तेवढा तुकडा उष्णता सोसणाऱ्या वायरीने बदला. डिपस्टिकचा वास घ्या. मग मेकॅनिकल गेज लावून पाच आकडे घ्या. गरम आयडलला एक बारच्या वर आणि चार हजाराला साडेतीनच्या वर मिळालं, फिल्टरच्या घड्या स्वच्छ निघाल्या, तर गाडी चालवा आणि त्या गॅरेजला नम्रपणे नाही सांगा. गरम आयडल ०.७ च्या खाली आलं तर तेल बदलून एकदा पुन्हा मोजा, आणि तरीही तेवढंच राहिलं तर रिलीफ व्हॉल्व्ह काढा. तोही मोकळा सरकत असेल, प्लंजरवर ओरखडे नसतील, तर मग चेंबर उतरवायची वेळ आली. पाचही आकडे, तेलाचा ग्रेड आणि कापलेल्या फिल्टरचा उन्हात काढलेला फोटो पाठवा, दोन नंबरचं बेअरिंग बघायचं की नाही ते मी त्यावरून सांगतो.